घासल्याने काय जाते?

मोटारीच्या रंगावर पडलेला ओरखडा घरच्या घरी घासून घालवता येतो, असे म्हटले जाते तेव्हा त्यातील ‘घालवणे’ या क्रियापदाचा अर्थ वरवर दिसतो तितका सरळ नसतो. धूळ पुसली असता धूळ नावाचे द्रव्य पत्र्यावरून उठून फडक्यावर येते, चिखल धुतला असता तो पाण्याबरोबर वाहून जातो, आणि या दोन्ही ठिकाणी गेलेली वस्तू कुठे गेली हे बोटाने दाखवता येते. ओरखडा मात्र कोणत्याही फडक्यावर येत नाही, कारण तो द्रव्यच नव्हे. द्रव्य जिथे होते आणि आता नाही अशी ती जागा आहे. जे मुळात ‘नसणे’ आहे ते घालवायचे म्हणजे काय करायचे, हा प्रश्न गॅरेजातला वाटला तरी शुद्धी, संस्कार, प्रायश्चित्त आणि मोक्ष या शब्दांभोवती भारतीय विचारपरंपरेने जो दीर्घ वाद केला त्याच्या मध्यभागी तो उभा आहे; आणि त्या वादात घासलेल्या आरशाचा जो दृष्टान्त वारंवार येतो त्याची पारख करायला मोटारीच्या चकचकीत बोनेटइतके सोयीचे साधन आजच्या वाचकापाशी दुसरे नाही.

आजच्या मोटारीचा रंग म्हणजे एकावर एक चढवलेले चार थर असतात. पोलादी पत्र्यावर प्रथम गंजरोधक लेप विजेच्या साहाय्याने बसवतात. त्यावर प्रायमर, म्हणजे पुढच्या रंगाला धरून ठेवणारे अस्तर. त्यावर ज्याला व्यवहारात गाडीचा रंग म्हणतात तो रंगीत थर. आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’, म्हणजे ज्यात रंगद्रव्य मुळीच नाही असा पारदर्शक थर. १९८०च्या दशकात रूढ झालेल्या या पद्धतीत चारही थरांची मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन भरते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्यात पारदर्शक थराच्या वाट्याला साधारण ३५ ते ५० मायक्रॉन येतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला, तर गाडीची सारी झळाळी केसाहून पातळ अशा पापुद्र्यात सामावलेली असते. सूर्याच्या अतिनील किरणांना शोषून घेऊन खालचा रंग फिका पडू न देणारी द्रव्येही याच पापुद्र्यात मिसळलेली असतात, त्यामुळे तो केवळ शोभेचा नसून राखणीचाही थर असतो.

या पारदर्शक थरातच थांबलेला ओरखडा काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर पांढऱ्या रेघेसारखा दिसतो, परंतु तिथे पांढरे असे काहीही नसते. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एका दिशेने परततो, तर रेघेच्या तुटलेल्या काठांवर पडलेला प्रकाश अनेक दिशांना विखुरतो, आणि त्या विखुरण्याला डोळा ‘पांढरे’ असे नाव देतो. त्यावर पाणी शिंपडले की पाणी त्या फटीत भरते, प्रकाशाचे विखुरणे पुष्कळ कमी होते आणि रेघ दिसेनाशी होते. पाणी वाळताच ती परत येते. ही साधी परीक्षा घरी कोणीही करू शकतो, आणि तिच्याबरोबरच दुसरी परीक्षा नखाची: रेघेवरून आडवे नख फिरवले असता ते अडकत नसेल तर रेघ उथळ आहे आणि घासून बरी होण्याजोगी आहे, अडकत असेल तर ती खोल आहे आणि घासणे धोक्याचे आहे. उथळ रेघ घासायची पद्धत ठरलेली आहे. गाडी सावलीत उभी करून धुवावी, पत्रा थंड असावा, कडांवर चिकटपट्टी लावावी कारण कडेला थर अधिकच पातळ असतो, आणि मग दीड-दोन फुटांच्या चौकोनापुरते थोडेसे कंपाउंड, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखी बारीक कठीण भुकटी मिसळलेली मलई, मऊ गादीने किंवा मायक्रोफायबरच्या फडक्याने समान दाबाने फिरवावे. त्यानंतर त्याहून बारीक कणांचे पॉलिश आणि शेवटी वॅक्स. रेघ जरा जास्त असल्यास त्याआधी २००० किंवा ३००० क्रमांकाचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवतात. दातांची पेस्ट लावून रेघ घालवण्याचा जो घरगुती उपाय सांगितला जातो, त्यामागेही पेस्टमधील बारीक खरखरीत कणांखेरीज दुसरे रहस्य नाही.

या सगळ्या खटाटोपात ओरखड्याला प्रत्यक्ष कोणीही हात लावत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. घासणारी भुकटी ओरखड्याच्या तळाशी पोहोचत नाही. ती त्याच्या दोन्ही बाजूंचा धड असलेला थर काही मायक्रॉनांनी झिजवते, आणि आजूबाजूची पातळी उतरत उतरत ओरखड्याच्या तळाशी आली म्हणजे रेघ नाहीशी झाली असे म्हणतात. ओरखड्याने जेवढे नेले होते त्याच्या कितीतरी पट अधिक द्रव्य त्याला घालवण्यासाठी खर्ची पडते. जुन्या एकथरी रंगाच्या गाड्यांवर ही गोष्ट लपत नसे, कारण लाल गाडी घासली की फडके लाल होई आणि मालकाला आपण काय काढत आहोत हे समोर दिसे. पारदर्शक थर मात्र झिजतानाही पारदर्शकच राहतो, फडक्यावर त्याचा रंग उतरत नाही, आणि म्हणून काहीही न गमावता केवळ दोष तेवढा गेला असा समज सहज दृढ होतो. हा समज मोटारीपुरता राहिला असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते.

न्यायदर्शनाने अभावाला, म्हणजे नसण्याला, स्वतंत्र पदार्थ मानले आणि त्याचे चार प्रकार सांगितले: उत्पत्तीपूर्वीचे नसणे हा प्रागभाव, नाशानंतरचे नसणे हा प्रध्वंसाभाव, कधीच नसणे हा अत्यंताभाव, आणि एक वस्तू म्हणजे दुसरी वस्तू नव्हे हा अन्योन्याभाव. ओरखडा हा उघडच तिसरा किंवा चौथा प्रकार नव्हे. जो थर होता आणि खरवडला गेला त्याचा तो प्रध्वंसाभाव आहे. आणि प्रध्वंसाभावाचे लक्षण नैयायिक असे सांगतात की त्याला आरंभ आहे परंतु अंत नाही: फुटलेले मडके फुटलेलेच राहते, त्याच्या जागी नवे मडके ठेवता आले तरी त्या मडक्याचे फुटणे पुसता येत नाही. या काटेकोर भाषेत बोलायचे तर ओरखडा घालवणे ही गोष्टच अशक्य आहे. घासण्याने नाहीसा होतो तो अभाव नव्हे, तर त्याच्या आणि शेजारच्या भावाच्या पातळीतील भेद. एका रेषेपुरती असलेली उणीव सर्व पृष्ठभागावर सारखी पसरली की ती उणीव म्हणून ओळखू येत नाही. ही अतिशय गंभीर गोष्ट आहे. समाजातील असमानतेपासून व्यक्तीच्या चारित्र्यापर्यंत अनेक ठिकाणी ‘सुधारणा’ या नावाखाली हेच केले जाते, आणि उणीव भरून निघाली आहे की केवळ सर्वत्र सारखी झाली आहे, हे विचारायचे राहून जाते.

वैशेषिकांनी संस्कार नावाच्या गुणाचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन भेद केले आहेत, आणि त्यातील तिसरा, म्हणजे वाकवलेली फांदी सोडताच तिला पूर्वस्थितीत आणणारा गुण, इथे अपवाद म्हणून नोंदवला पाहिजे. निसान या जपानी कंपनीने २००५ साली असा पारदर्शक थर जाहीर केला की ज्यावरच्या बारीक रेघा काही काळाने आपोआप भरून येतात, कारण त्यातील लवचिक राळ दबलेली असते, तुटलेली नसते. तिथे द्रव्य गेलेलेच नसल्यामुळे परत येण्यासारखे काही शिल्लक असते. जिथे द्रव्य गेले आहे तिथे स्थितिस्थापकाचा उपयोग नाही.

शुद्धीत द्रव्याचा व्यय होतो हे धर्मशास्त्रकारांना मान्य होते, आणि ते त्यांनी कुठलाही संकोच न करता लिहिले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे, म्हणजे वापरातल्या वस्तू शुद्ध करण्याचे, नियम आले आहेत: धातूंच्या भांड्यांना राख, आंबट, क्षार आणि पाणी, मातीच्या भांड्याला पुन्हा भट्टी, आणि लाकडी वस्तूला तक्षण, म्हणजे तासणे. याज्ञवल्क्यस्मृतीही लाकूड, शिंग आणि हाड यांना तासण्याचीच शुद्धी सांगते. धातूचा मळ वरचा असतो म्हणून तो धुतला जातो. लाकडात मुरलेला दोष धुतल्याने जात नाही म्हणून लाकडाचाच थर काढावा लागतो, आणि तेवढ्याने फळी पातळ होते हे तासणाऱ्याला ठाऊक असते. मीमांसकांची संस्काराची व्याख्या याहून व्यापक आहे. ज्याच्यामुळे एखादी वस्तू एखाद्या कार्याला योग्य होते तो संस्कार, असे शबरस्वामी सांगतात, आणि यज्ञातील भात कांडणे व त्यावर पाणी प्रोक्षणे या दोन्ही क्रियांना मीमांसा संस्कार म्हणते. पहिलीत तूस निघून जाते हे डोळ्यांना दिसते, दुसरीचे फळ अदृष्ट मानले जाते. या परिभाषेत मोटारीचे रबिंग-पॉलिश हे कांडण्याच्या जातीचे आहे आणि खंडेनवमीला किंवा दसऱ्याला गाडीवर कुंकवाचे स्वस्तिक काढून झेंडूचा हार घालणे हे प्रोक्षणाच्या जातीचे. महाराष्ट्रात एकाच सकाळी एकाच गाडीवर हे दोन्ही संस्कार होतात, आणि करणाऱ्याला त्यांत विसंगती वाटत नाही, कारण ‘योग्य करणे’ हा दोहोंचा हेतू एकच आहे.

आता आरशाच्या दृष्टान्ताकडे वळता येईल. श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात मातीने माखलेले बिंब स्वच्छ केल्यावर जसे तेजाने चमकते तसा आत्मतत्त्व पाहिलेला देहधारी कृतार्थ होतो असे म्हटले आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कामाने ज्ञान कसे झाकले जाते हे सांगताना धुराने झाकलेला अग्नी आणि वारेने वेढलेला गर्भ यांच्याबरोबर मळाने झाकलेला आरसा येतो. अंगुत्तरनिकायातील उपोसथाविषयीच्या सुत्तात मलिन चित्ताच्या शुद्धीला तेल, राख आणि केसांचा कुंचला यांनी स्वच्छ केलेल्या आरशाची उपमा दिली आहे. सूफी परंपरेत तर हृदयाचा आरसा घासणे ही साधनेची जवळजवळ रूढ संज्ञाच आहे, आणि जलालुद्दीन रूमी यांच्या मसनवीच्या पहिल्या दफ्तरात चिनी आणि रूमी चित्रकारांच्या स्पर्धेची जी कथा आहे तिच्यात एक पक्ष भिंतीवर चित्रे काढतो तर दुसरा केवळ समोरची भिंत घासून तिला आरसा करतो आणि जिंकतो. या सर्व उपमांच्या मागे काचेचा नव्हे तर धातूचा आरसा आहे. केरळातील आरन्मुळा येथे तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा असा आरसा आजही हाताने घासून तयार करतात, आणि तो किती वेळ आणि किती निगुतीने घासावा लागतो हे पाहिले म्हणजे साधनेला घासण्याची उपमा का सुचली असेल हे उमगते.

परंतु या उपमांमध्ये दोन भिन्न गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत, आणि परंपरेने त्या नेहमी वेगळ्या ठेवल्या नाहीत. मातीने माखलेले बिंब धुतले तर बिंबाचे काहीही जात नाही; तिथे मळ हा आगंतुक, म्हणजे बाहेरून आलेला, आहे. धातूच्या आरशावर गंज चढला असेल तर मात्र गोष्ट वेगळी, कारण गंज हा बाहेरून आलेला मळ नसून आरशाच्याच धातूचे झालेले रूपांतर आहे, आणि तो घासून काढणे म्हणजे एके काळी आरसा असलेले द्रव्य फेकून देणे आहे. आणि आरशावर ओरखडा असेल तर काढण्यासारखा मळच नाही. तिथे आरसाच उतरवावा लागतो. उपनिषद आणि गीता यांचा दृष्टान्त पहिल्या प्रकारचा आहे आणि तेवढ्यापुरता तो निर्दोष आहे. ज्यांनी तो पुढे नेऊन ‘जितके घासावे तितके शुद्ध’ असा अर्थ काढला त्यांनी धुण्याचे आणि झिजवण्याचे गणित एक मानले. चीनमधील चान, म्हणजे ध्यानपंथी, बौद्ध परंपरेत आठव्या शतकातील नान्‌यूए आणि त्यांचा शिष्य मात्सू यांची कथा याच ठिकाणी सावध करते: गुरूने वीट घासायला घेतली, शिष्याने विचारले कशासाठी, गुरू म्हणाला आरसा करण्यासाठी. वीट कितीही घासली तरी वीटच झिजते.

या गोंधळावर सर्वांत नेमके बोट शंकराचार्यांनी ठेवले आहे, आणि ते ठेवताना त्यांनी घासलेल्या आरशाचेच उदाहरण हाती घेतले आहे. ब्रह्मसूत्राच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातील चौथ्या सूत्रावर, ज्याला समन्वयाधिकरण म्हणतात, भाष्य करताना ते कर्माच्या फळाचे चार प्रकार मांडतात: उत्पाद्य म्हणजे नव्याने निर्माण होणारे, आप्य म्हणजे मिळवले जाणारे, विकार्य म्हणजे एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलणारे, आणि संस्कार्य म्हणजे संस्काराने शुद्ध होणारे. मोक्ष यांपैकी कोणत्याही प्रकारात बसत नाही असे त्यांचे म्हणणे आहे, आणि चौथ्या प्रकाराबद्दल ते सांगतात की संस्कार दोनच रीतींनी होतो, एक तर वस्तूत नवा गुण घालून किंवा तिच्यातील दोष काढून; ब्रह्मात नवे काही घालता येत नाही आणि ते नित्यशुद्ध असल्याने त्यातून काढायचेही काही नाही. यावर आक्षेप येतो की मोक्ष हा आत्म्याचाच धर्म असून तो झाकला गेला आहे, आणि आरशाची चमक जशी घासण्याच्या क्रियेने प्रकट होते तसा तो क्रियेने प्रकट होईल. शंकराचार्यांचे उत्तर थोडक्यात असे आहे की क्रिया ज्या आश्रयावर घडते त्यात विकार घडवल्याशिवाय तिला अस्तित्वच मिळत नाही. म्हणून आत्मा क्रियेने शुद्ध होतो असे मानले तर तो क्रियेने बदलतो असेही मानावे लागेल, आणि जो बदलतो तो अनित्य ठरेल.

हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ते केवळ तार्किक कसरत वाटते, कारण घासलेल्या आरशाला काही ‘झाले’ असे त्यांना दिसत नाही. मोटारीचा पारदर्शक थर मायक्रॉनमध्ये मोजता येत असल्याने ते उत्तर इथे प्रत्यक्ष होते. थराची जाडी मोजणारे छोटे यंत्र पत्र्यावर टेकवून घासण्यापूर्वीचा आणि घासल्यानंतरचा आकडा पाहिला, तर ‘चमक प्रकट झाली’ या वाक्याच्या खाली ‘थर कमी झाला’ हे दुसरे वाक्य लिहिलेले आढळते. क्रिया आश्रयाला विकृत केल्यावाचून राहत नाही, हे भाष्यकारांचे विधान त्या आकड्यांतील फरकाइतके ठोस आहे, आणि आरशाचा दृष्टान्त त्यांनी पूर्वपक्षाच्या, म्हणजे खोडून काढायच्या मताच्या, तोंडी घातला यात त्यांची सूक्ष्म दृष्टी दिसते.

त्याच भाष्यात पुढे आणखी एक आक्षेप येतो: स्नान, आचमन इत्यादी क्रियांनी देहधारी मनुष्य शुद्ध होतो हे तर सर्वमान्य आहे. उत्तर असे की तिथे शुद्ध होतो तो देहाशी एकरूप झालेला, ‘मी देह’ असे मानणारा. औषधाने देहातील धातू समस्थितीत आले असता ‘मी निरोगी’ असे ज्याला वाटते तोच. भाष्याच्या प्रास्ताविकात, म्हणजे अध्यासभाष्यात, अध्यास या संज्ञेची, म्हणजे एका वस्तूचे धर्म दुसरीवर लादण्याची, उदाहरणे देताना शंकराचार्य देहाच्याही बाहेर जातात आणि म्हणतात की पुत्र, पत्नी इत्यादींना उणे आले असता मनुष्य स्वतःलाच उणे आले असे मानतो. नव्या गाडीवर पहिला ओरखडा पडल्यावर मालकाच्या छातीत जे होते त्याला याहून अचूक शास्त्रीय नाव नाही. पत्र्याला वेदना नाही, प्रवासाला अडथळा नाही, इंजिनाला त्याची खबरही नाही. तरीही रात्रीची झोप उडते, कारण रेघ पत्र्यावर नसून ‘माझ्या’ या शब्दावर ओढलेली असते. अशा वेळी घासण्याने शुद्ध काय होते, असे विचारले तर भाष्याच्या चौकटीत उत्तर देता येते: गाडी नव्हे, गाडीशी एकरूप झालेला मालक.

अध्यासाचे आणखी एक उदाहरण बोनेटवर रोज दिसते, आणि ते दोरी-साप किंवा शिंपला-चांदी या पारंपरिक उदाहरणांहून उणे नाही. उन्हात किंवा दिव्याखाली गडद गाडी पाहिली तर प्रकाशाच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची वर्तुळे, कोळ्याच्या जाळ्यासारखी, दिसतात, आणि कोणीतरी गोल गोल पुसल्यामुळे ती पडली असे समजले जाते. वास्तविक पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म रेघा सर्व दिशांनी अस्ताव्यस्त पसरलेल्या असतात. त्यांपैकी ज्या प्रकाशाच्या दिशेला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, आणि त्यांच्या चमकण्याने दिव्याभोवती वर्तुळाचा आभास होतो. पाहणारा दोन पावले सरकला की वर्तुळही सरकते. रेघा खऱ्या आहेत, वर्तुळ खरे नाही. अधिष्ठान आहे, आरोप त्यावर झाला आहे. इथे कंपाउंड घेऊन वर्तुळ घासायला बसणारा मनुष्य नसलेली गोष्ट काढण्यासाठी असलेली गोष्ट झिजवतो. वर्तुळाला घालवायला पाहण्याची जागा बदलणे पुरते, आणि अद्वैताचा हाच आग्रह आहे की भ्रमाची निवृत्ती ज्ञानाने होते, क्रियेने नव्हे.

तथापि मनुष्याचे चित्त हे ब्रह्म नव्हे, आणि निष्काम कर्माने चित्तशुद्धी होते हे अद्वैतालाही मान्य आहे. म्हणजे चित्त हे संस्कार्य आहे, आणि संस्कार्य म्हणून झिजणारेही आहे. इथे प्रायश्चित्ताचा प्रश्न येतो. डॉ. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात या विषयाचा जो विस्तृत परामर्श घेतला आहे, त्यावरून दिसते की प्रायश्चित्ताने पाप खरोखर नष्ट होते की पापी मनुष्य केवळ पुन्हा व्यवहारात घेण्यायोग्य होतो, हा वाद शास्त्रकारांमध्येच होता. याज्ञवल्क्यांच्या एका वचनात, ज्याच्या पदच्छेदाविषयी टीकाकारांत मतभेद आहेत, अजाणता केलेले पाप प्रायश्चित्ताने जाते, जाणूनबुजून केले असल्यास मात्र तो मनुष्य वचनाच्या बळावर व्यवहार्य, म्हणजे समाजाने व्यवहार करण्यायोग्य, तेवढा होतो असा अर्थ निघतो. हा भेद करणाऱ्या विचाराची प्रामाणिकता मोठी आहे. ओरखडा गेला असे तो म्हणत नाही. गाडी रस्त्यावर आणण्याजोगी झाली असे म्हणतो.

याच्या उलट टोकाला भरणीचे वॅक्स आणि ग्लेझ येतात. त्यातील तेलकट द्रव्य पाण्याप्रमाणेच रेघेत भरते, प्रकाशाचे विखुरणे थांबते आणि गाडी नवी दिसू लागते. चार-सहा वेळा धुतली की रेघ होती तशी. म्हणून जाणकार मनुष्य पॉलिश झाल्यावर पत्रा अल्कोहोलने पुसून तेल काढतो आणि मगच रेघ खरोखर गेली की नुसती बुजली हे ठरवतो. धार्मिक जीवनात या अल्कोहोलच्या फडक्याला पर्याय नाही. व्रत, यात्रा, दान यांनंतर जी प्रसन्नता वाटते ती चित्ताची आहे की वरून लावलेल्या तेलाची, हे पहिल्या अपमानात किंवा पहिल्या लोभाच्या क्षणी कळते, आणि तोपर्यंत तिच्याविषयी निर्णय देणे घाईचे आहे. खोल ओरखड्याला तर ना घासणे उपयोगी ना बुजवणे. तिथे गेलेले द्रव्य परत घालावे लागते, त्याच रंगाचा टच-अप बारीक कुंचल्याने थेंबाथेंबाने भरून वाळू द्यावा लागतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात किरकोळ चोरीला सांतपन नावाचे कृच्छ्र, म्हणजे उपवासाचे प्रायश्चित्तव्रत, सांगताना चोरलेली वस्तू परत करण्याची अट घातली आहे. उपवासाने चोराचे शरीर झिजेल, परंतु ज्याचे गेले त्याचे भरून येणार नाही, हे त्या अटीमागचे तत्त्व आजच्या प्रायश्चित्ताच्या चर्चेत जवळजवळ विसरले गेले आहे, आणि ते विसरणे हा दोष आहे असेच म्हटले पाहिजे.

जैन दर्शनाने या बाबतीत सर्वांत व्यवहार्य क्रम लावून दिला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात कर्म हे पुद्गल, म्हणजे सूक्ष्म भौतिक द्रव्य, मानले असून त्याचे जीवाकडे वाहत येणे हा आस्रव, चिकटणे हा बंध, येणे थांबवणे हा संवर आणि चिकटलेले झडणे ही निर्जरा. तपाने निर्जरा होते. परंतु नवव्या अध्यायाचा आरंभ संवराने होतो, आणि हा क्रम सहेतुक आहे. येणारे थांबवले नाही तर झाडणे अखंड चालू राहते. गाड्यांवरील बहुतेक सूक्ष्म रेघा अपघाताने पडत नाहीत, त्या स्वच्छतेने पडतात: रात्रभर साचलेल्या धुळीवर सकाळी कोरडे किंवा एकाच बादलीत बुचकळलेले फडके फिरवले जाते, आणि धुळीतील वाळूचे कण पारदर्शक थरावर फरपटत नेले जातात. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये रोज पहाटे अशा रीतीने शेकडो गाड्या ‘शुद्ध’ होत असतात. शुद्धीची क्रियाच दोषाचे कारण होते, हे शुचितेच्या अतिरेकाविषयी संतांनी केलेल्या टीकेचे भौतिक रूप मानायला हरकत नाही. प्रथम पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग साबणाची आणि खळबळण्याची बादली वेगळी ठेवावी, फडके दाबू नये: हा संवर आहे, त्याला एका मायक्रॉनचाही खर्च नाही, आणि जो तो पाळतो त्याला निर्जरेची गरज क्वचित पडते.

घरच्या घरी घासण्याचे मोल यामुळे कमी होत नाही. कारागिराकडे गाडी देणाऱ्याला केवळ चमकलेला पत्रा परत मिळतो. स्वतः घासणाऱ्याला कुठे थांबायचे हे ठरवावे लागते, आणि थांबण्याचा तो निर्णय हाच या कामातील सर्वांत विवेकाचा भाग आहे. दर वर्षी दसऱ्याला गाडी कंपाउंडने घासायची चाल असलेल्या घरात दहा वर्षांनी पारदर्शक थर जागोजाग संपतो आणि त्याखालचा रंग उन्हाने उडू लागतो, तेव्हा त्याचा दोष उन्हाला देणे न्याय्य नाही. नखाला न लागणाऱ्या आणि फक्त तिरप्या उन्हात दिसणाऱ्या रेघा तशाच राहू द्याव्यात, नखाला अडकणारी रेघ भरावी, मधल्या रेघा एकदाच आणि सर्वांत सौम्य कंपाउंडने घासाव्यात. चित्ताच्या बाबतीत हाच निवाडा लावता येतो की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचे आहे. परंतु आत्मशुद्धीवर बोलताना आरशाचा दृष्टान्त देण्यापूर्वी प्रवचनकारांनी आणि श्रोत्यांनी समन्वयाधिकरणातील तो परिच्छेद एकदा मुळातून वाचावा अशी विनंती आहे. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी केलेला शांकरभाष्याचा मराठी अनुवाद त्यासाठी पुरेसा आहे.